पिवळी घरगाडी आणि बंडूभाऊंचा वाघ

पॉवर स्टेशनमध्ये नोकरी केलेल्या माणसाकडे किश्श्यांना तोटा नसतो. मशीन नीट चालत असेल तर शिफ्टभर नुसतं बघत बसायचं, आणि बघत बसलेला माणूस गप्प थोडाच बसणार! आमच्या ऊर्जानगर कॉलनीत तर ड्युटीवर काही घडलं की ज्याच्या बाबतीत घडलं त्याच्या आधी किस्सा त्याच्या घरी पोचतो. माणूस दमूनभागून घरी येतो तेव्हा बायको चहा देतानाच हसत असते!

असे किस्से आमच्याकडे पोत्याने आहेत. पण मागे एका मार्चमध्ये आम्ही पाच जणांनी घरगाडीतून जो जंगलदौरा केला, त्यापुढे आधीचा सगळा साठा फिका पडला.

पाच जण कोण ते आधी सांगते. मी सुषमा. पॉवर स्टेशनच्या लॅबमध्ये पाणी तपासते, म्हणून कॉलनीत माझं नाव ‘पानीवाल्या बाई’. माझा नवरा दिलीप टर्बाइन मेंटेनन्सला. जगातली कुठलीही वस्तू पाना लावल्याशिवाय नीट होत नाही असं त्याचं ठाम मत आहे. वासूभाऊ बॉयलरवाले, गाव ब्रह्मपुरीकडचं. त्यांचं तोंड कायम चालू. बोलत नसले तर खात असतात. बंडूभाऊ आम्हा सगळ्यांत मोठे, कंट्रोल रूममधून नुकतेच रिटायर झालेले. आणि त्यांच्या पत्नी प्रमिलावहिनी. कंट्रोल रूममध्ये शेकडो बटणं सांभाळलेल्या बंडूभाऊंना घरातलं हे एक बटण कधी सापडलं नाही.

आता बंडूभाऊंचं दुःख. चंद्रपूरचा माणूस असून त्यांनी आयुष्यात वाघ पाहिला नव्हता!

*

बाहेरच्या माणसाला यातलं दुःख कळायचं नाही. आमच्याकडे वाघ बघायला जावं लागत नाही, तोच येतो. प्लांटच्या झुडपात त्याचा मुक्काम असतो. कोणाला कोळशाच्या पट्ट्याजवळ दिसतो, कोणाला राखेच्या तलावावर. दूधवाल्याने पाहिला, शाळेतल्या पोरांनी पाहिला. एकदा तर फर्स्ट शिफ्टची बसच वाघापुढे थांबून राहिली आणि अख्ख्या बसने तो पोटभर पाहिला. बंडूभाऊ रोज त्याच बसने जायचे. नेमके त्या दिवशी मोटरसायकलने गेले, कारण आदल्या दिवशी बसमध्ये खिडकीच्या जागेवरून त्यांचं भांडण झालं होतं!

सफारीला गेले तर त्यांची जिप्सी पुढे गेली की वाघ मागच्या जिप्सीला दिसायचा. शेवटी शेवटी तर ओळखीचे लोक त्यांच्या मागच्या गाडीचं बुकिंग मागायला लागले.

घरात तर आणखी वाईट. प्रमिलावहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाघ पाहिला होता. ही गोष्ट त्या इतकी वर्षं सांगत आल्या आहेत की दर सांगण्याला वाघ थोडा वाढतो. सध्या तो कंपाउंडच्या भिंतीएवढा झालेला आहे. “तव्यावरची भाकर करपली, पन मी नाई हालली,” हे त्या गोष्टीतलं शेवटचं वाक्य. मग नवऱ्याकडे बघून, “ह्यायले तं मांजर बी दिसत नाई!”

बंडूभाऊ हसून सोडून द्यायचे. पण रिटायर झाल्यावर ते दोघं पुण्याला मुलीकडे राहायला जाणार होते. क्वार्टर सोडायची तारीख ठरली होती. एक दिवस व्हिडिओ कॉलवर नातीने विचारलं, “आबा, तू टायगरच्या गावात राहतोस ना? टायगर कसा दिसतो रे?”

बंडूभाऊंनी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले. चहा समोर तसाच ठेवून म्हणाले, “दिलीप, माह्या हातानं कधी मशीन ट्रिप होऊन बंद नाई पडली. सगळं चांगलं झालं. पन वाघ न पाहता इथून गेलो, तं मी चंद्रपूरले होतो म्हनून कोन मानंन?”

हसतच म्हणाले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. दौरा त्याच चहावर ठरला.

*

घरगाडी ही दिलीपची करणी. टीव्हीवर परदेशी लोक चाकांवरच्या घरांतून भटकताना पाहून त्याला हे वेड लागलं. भद्रावतीला एक पिवळी मिनी स्कूलबस भंगारात निघाली होती, ती त्याने आणली आणि आमच्या क्वार्टरसमोर उभी केली. मग काय, शिफ्ट सुटली की एकेक जण यायचा आणि मदत करून जायचा.

पॉवर स्टेशनवाल्यांनी घर बांधलं की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वेल्डिंगवाल्याने पलंग असे जोडले की एकवेळ बस मोडेल, पलंग मोडणार नाही. पाण्याच्या टाकीला प्रेशर गेज आला. पाइपांना प्लांटसारखे रंग आले. आणि तोंड धुवायच्या बेसिनला नळाऐवजी चाकाचा मोठा व्हॉल्व्ह, तोही गाडीच्या बाहेर, मागच्या बाजूला!

“साधा नळ लावायला काय झालं होतं?” मी विचारलं.

“नळ खराब होते,” दिलीप म्हणाला. “व्हॉल्व्ह जन्मभर जाते.”

म्हणजे आत एकाने तोंड धुवायचं असेल तर बाहेर दुसऱ्याने व्हॉल्व्हवर उभं राहायचं. दौऱ्याच्या पहिल्याच सकाळी बंडूभाऊ तोंडाला साबण लावून आत उभे आणि बाहेर व्हॉल्व्हवर वासूभाऊ. वासूभाऊंना रस्त्याने जाणारा एक शेळीवाला भेटला आणि गप्पा सुरू झाल्या. शेळ्यांचं दूध, बोकडाचं मटण, मग मटणाचा रस्सा. आतून बंडूभाऊ डोळे मिटून ओरडतायत, “पानी सोड! वासू, लाइन चार्ज कर!”

प्लांटमध्ये परमिट असल्याशिवाय कोणी कुठला व्हॉल्व्ह हलवत नाही. वासूभाऊंनी तितक्याच गंभीरपणे बाहेरून विचारलं, “सोडतो ना भाऊ. पन परमिट कोनाच्या नावानं हाय?”

*

गॅस पेटवायचं काम वासूभाऊंनी मागून घेतलं. “जाळाचं काम बॉयलरवाल्याचं,” असं त्यांचं म्हणणं.

आता बॉयलरमध्ये जाळ करण्याआधी आतली जुनी हवा पंख्याने पूर्ण बाहेर काढतात, नाहीतर भडका होतो. वासूभाऊंची सगळी नोकरी त्यात गेलेली. त्यामुळे साधा चहा करायचा तरी आधी गाडीच्या सगळ्या खिडक्या उघडायच्या, दार उघडायचं, पंखा लावायचा, आणि सगळ्यांनी खाली उतरून उभं राहायचं. मग ते आत जाणार, चारी दिशांना बघणार आणि मोठ्याने ओरडणार, “फर्नेसमध्ये कोनी नाई ना?”

दोन दिवस प्रमिलावहिनींनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभ्या असताना म्हणाल्या, “वासूभाऊ, तुमच्या भरवशावर राह्यली असती तं महाराष्ट्रात लाइट नसती आली!”

*

वाघावर नजर ठेवायला आम्ही ड्रायव्हरच्या बाजूची सीट ठरवली होती आणि तिच्यासाठी चक्क शिफ्ट लावल्या होत्या. शिफ्ट आली म्हणजे चार्ज आला. कंट्रोल रूमचा नियम असा, की पुढचा माणूस येऊन बसल्याशिवाय, त्याला सगळी स्थिती तोंडी सांगितल्याशिवाय, त्याने ती आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवल्याशिवाय आणि ‘घेतला चार्ज’ म्हटल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. भूक लागो नाहीतर आणखी काही लागो!

बंडूभाऊंनी हा नियम गाडीतही आणला, शून्याला ‘निल’ म्हणायच्या सवयीसकट. “डाव्या बाजूनं बांबू. उजव्या बाजूनं बांबू. एक मोर. वाघ निल. सांग.”

“डावीकडे बांबू, उजवीकडे बांबू, मोर एक, वाघ निल,” मी म्हणायचे. “घेतला चार्ज.”

मोहर्लीच्या बाजूला दिवस मावळता मावळता बंडूभाऊंच्या शिफ्टमध्ये ते झालं. त्यांनी एकदम दिलीपचा दंड धरला. नुसतं बोट दाखवलं. झाडीत, थोड्या उंचवट्यावर, वाघ बसला होता!

दिलीपने इंजिन बंद केलं. आम्ही खिडक्यांना चिकटलो. वाघ हलत नव्हता. वासूभाऊंनी तोंडातला चिवडा चावायचा थांबवला. वहिनीसुद्धा कुजबुजल्या, “केवढा हाय बाप्पा!”

अंधार पडत चालला तरी आम्ही तसेच. तेवढ्यात झाडीतून एक वॉचमन आला. आंघोळ करून आला असावा. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, दोनदा झटकला आणि वाघाच्या पाठीवर नीट पसरून वाळत घातला.

एका रिसॉर्टच्या गेटवरचा सिमेंटचा वाघ होता तो!

बराच पुढे गेल्यावर बंडूभाऊ म्हणाले, “वाघ निल. सांग.”

*

नागभीडहून ब्रह्मपुरीकडे जाताना एका फाट्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी हात दाखवला. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, हातातल्या पिशवीतून कोंबड्याची मान बाहेर. आमच्याकडे रस्त्यावर उभ्या माणसाने हात दाखवला की गाडी थांबतेच. दिलीपने थांबवली.

बाबा काही न विचारता चढले. सीट शोधल्या. सीट नव्हत्या, पलंग होता; त्यावर बसले. कोंबडा खाली ठेवला. प्रमिलावहिनी नेमक्या पोहे वाढत होत्या. त्यांनी एक बशी बाबांच्या हातात दिली, वर चहा दिला. वासूभाऊंनी पंखा त्यांच्याकडे वळवला. बाबांनी उशी चाचपून पाहिली, पडदा चाचपून पाहिला, आमच्या छोट्या मोरीचं दार उघडून आत डोकावले आणि परत येऊन बसले. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

त्यांचं गाव आलं तसे कोंबडा घेऊन उतरले. दारातून वळून दिलीपला म्हणाले, “यष्टी लय सुधारली बाप्पा!”

आम्ही हसू दाबतोय तोवर पुन्हा खिडकीशी आले.

“वापसीची किती वाजता हाय?”

*

ब्रह्मपुरीच्या पुढे वासूभाऊंची मोठी बहीण राहते, शांताबाई. चारी बाजूंनी धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, आणि मध्ये घर. वासूभाऊंनी आधीच सांगून ठेवलं होतं, “जेवू तिच्याकडं, झोपू आपल्या गाडीत. तिले तरास नाई.”

शांताबाईंनी लाखोळीच्या डाळीचे वडे केले होते. वासूभाऊंनी किती खाल्ले ते मोजण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. जेवणं झाल्यावर आम्ही गाडीकडे निघालो, तर बाई दारात आडव्या उभ्या.

“कुठी चालले?”

“गाडीत झोपाले,” वासूभाऊ म्हणाले.

“काऊन? माह्या घराले छप्पर नाई का? सकाऊन सारं गाव म्हनंन, बहिनीनं भावाले रस्त्यावर झोपवलं!”

दिलीपने समजावलं की हे रस्त्यावर झोपणं नाही, गाडीत गाद्या आहेत, पंखा आहे. बाईंनी ऐकूनच घेतलं नाही. शेवटी आम्ही पाचही जण त्यांच्या घरात, ओसरीवर आणि माजघरात, गोधड्यांवर झोपलो. म्हणजे घरगाडी घेऊन निघालेली माणसं घरात, आणि गाडी अंगणात रिकामी!

सकाळी तोंड धुवायचं सामान घ्यायला मी गाडीकडे गेले, तर दार आतून बंद. वाजवलं. आतून आवाज आला, “कोन हाय?”

पडदा सरकला. आत आमच्या गादीवर शांताबाईंचे यजमान, म्हणजे वासूभाऊंचे भाटवे, आणि शेजारचे दोघं गृहस्थ आरामात पसरले होते. पंखा चालू.

भाटवे जांभई देत म्हणाले, “या ना बाई, आत या. चहा झाला का?”

*

आलापल्लीच्या अलीकडे सकाळी सकाळी रस्त्याकडेच्या मोहाखाली एक आजीबाई फुलं वेचत होत्या. टोपली अर्धी भरलेली. दर दोन-चार मुठींनंतर त्या ताठ उभ्या राहायच्या, टाळ्या वाजवायच्या, गोंडीत काहीतरी मोठ्याने ओरडायच्या आणि पुन्हा वाकायच्या.

बंडूभाऊंनी खाली उतरून नमस्कार केला. विचारलं, “बाई, इकडं वाघ हाय का?”

“हाय ना.”

“दिसते का?”

आजीबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “दिसू नाई म्हनून तं ह्या टाळ्या वाजवून राह्यली. मागच्या साली आमच्या गावचा एक मानूस नेला त्यानं. मोहाले आलं की वाकाच लागते, आन् वाकलेलं मानूस त्याले जनावर दिसते.”

बंडूभाऊंनी ओशाळून सांगितलं, की मी पुण्याला राहायला चाललो, जाण्याआधी एकदा वाघ दिसावा म्हणून निघालो.

“मंग सोपं हाय,” आजीबाई टोपली उचलत म्हणाल्या. “दिसला का त्याले तुमच्या गाडीत बसवा आन् पुन्याले घेऊन जा!”

आम्ही सगळे हसलो, आजीबाईही हसल्या. गाडी सुरू झाल्यावर मात्र बंडूभाऊ वहिनींना हळूच म्हणाले, “मी देवाले सांगतलं. मले दाखव, पन ह्या बाईले नको दाखवू.”

त्या दिवशी वहिनींनी त्यांना एकदाही चिडवलं नाही.

*

सिरोंचापर्यंत जाऊन आलो. प्राणहिता पाहिली, गोदावरी पाहिली, रानगवे पाहिले, अस्वल पाहिलं, एवढा मोठा अजगर पाहिला. वाघ निल.

परतीचा शेवटचा दिवस उजाडला. बंडूभाऊ आता टेहळणीच्या सीटवर बसायलाही तयार नव्हते. “जाऊ द्या ना,” म्हणाले. “काईंच्या नशिबात नसते.” वहिनी कधी नव्हे ते त्यांच्या बाजूला बसून होत्या. त्या सकाळी चहासुद्धा कोणाला गोड लागला नाही.

जंगलातल्या एका नाल्यावरचा रपटा, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल, ओलांडून गाडी चढाला लागली आणि फुस्स झाली. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली होती. दिलीपने पाना काढला. त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं.

“बंडूभाऊ, तुमी माह्या सीटवर बसा,” तो म्हणाला. “हवा काढताना मधी मधी स्टार्टर मारा लागंन, म्हनून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतो. हँडब्रेक काई कामाचा नाई. तुमी पायानं ब्रेक दाबून धरा. पाय उचलला तं गाडी सीधी नाल्यात जाईन.”

बंडूभाऊ ड्रायव्हर सीटवर बसले आणि त्यांनी ब्रेक दाबला. दिलीप पुढे बॉनेटमध्ये शिरला. वासूभाऊ मागच्या चाकांना लावायला गोटे शोधत खाली फिरत होते.

तेवढ्यात वर झाडावर वानर खाकरलं. मग दुसरं. मग नाल्यापलीकडून चितळ ओरडलं. वासूभाऊंनी हातातला गोटा तिथंच टाकला आणि त्या देहाला न शोभणाऱ्या वेगाने गाडीत उडी मारली. त्यांच्यामागून दिलीप. दार लागलं. आम्ही चौघं मागच्या मोठ्या काचेला जाऊन भिडलो.

रपट्यावर वाघीण उभी होती. सिमेंटची नव्हे!

तिने एकदा आमच्या गाडीकडे पाहिलं. मग आम्ही कोणीच नाही असं ठरवून खाली वाकली आणि पाणी प्यायला लागली. तिच्या जिभेचा चटक चटक आवाज ऐकू येत होता. वासूभाऊ जन्मात पहिल्यांदा गप्प होते. मी दिलीपचा हात घट्ट धरला होता. किती सुंदर होती ती! मला रडूच आलं.

आणि मग एकदम आठवण झाली. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो माणूस तिकडे पुढे पाठ करून बसला होता!

“बंडूभाऊ!” मी कुजबुजले. “या ना! वाघ!”

“ब्रेक?” पुढून तितकाच हळू आवाज आला.

दिलीप रांगत रांगत पुढे गेला. अंग चोरून त्यांच्या शेजारी शिरला आणि आपला पाय त्यांच्या पायाशेजारी पेडलवर ठेवला. “उठा भाऊ, मी धरतो.”

“अबे, आधी चार्ज तं घे.”

“भाऊ, मागं वाघ हाय!”

“हाय ना. म्हनूनच नीट घे. ब्रेक फुल दाबून. अर्धा सोडला तं धरत नाई. हँडब्रेक आउट ऑफ सर्व्हिस. सांग.”

आणि माझा नवरा, इतक्या वर्षांची सवय, खरंच सांगायला लागला! “ब्रेक फुल दाबून. हँडब्रेक आउट ऑफ सर्व्हिस...”

“गाडी न्यूट्रल. डिझेल लाइन उघडी. वासूचे गोटे लागले नाई.”

“गाडी न्यूट्रल, लाइन उघडी, गोटे लागले नाई. घेत...”

“थांब. बॉनेट?”

“बॉनेट उघडं.”

“पाना कुठी ठेवला?”

“अहो, या ना!” वहिनींना आता राहवेना. “तिचं पिऊन झालं! उठून राह्यली! अहो, त्या पान्याले जाळा, या लौकर!”

“आलोच,” बंडूभाऊ म्हणाले. “दिलीप, पाना?”

“पाना बॅटरीवर! घेतला चार्ज!” दिलीप जवळजवळ किंचाळलाच.

त्याचे हे शब्द आणि वाघिणीची शेपटी बांबूत शिरणं, एकच गाठ पडली. बांबू थोडे हलले. मग तेही थांबले.

बंडूभाऊ जागचे उठलेही नव्हते. वहिनी तिथंच पलंगावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. “माह्यामुळं झालं. जलमभर चिडवलं मी ह्यायले. आता पुन्याले जाऊन कोन्या तोंडानं बोलू मी ह्यायच्याशी?” त्या घटकेला मला त्या चार्जचा, त्या कंट्रोल रूमचा आणि एकूणच वीज नावाच्या गोष्टीचा भयंकर राग आला होता.

रागातच मी म्हणाले, “गाडी गिअरमध्ये टाकली असती तर? इंजिन तर बंदच होतं. गाडी जागची हलली नसती आणि कोणाला ब्रेक धरावाच लागला नसता!”

टर्बाइनवाल्याने बॉयलरवाल्याकडे पाहिलं. बॉयलरवाल्याने छताकडे पाहिलं. इतकी वर्षं एवढाली मशिनं चालवलेली माणसं, एकालाही सुचलं नव्हतं!

“मले सुचलं होतं,” पुढून बंडूभाऊ म्हणाले.

“मंग बोलले काऊन नाई?” दिलीप ओरडला.

“बोललो असतो तं उठा लागलं असतं ना. ह्याच्यापेक्षा चांगली जागा तुमच्यापाशी होती का?”

त्यांनी खिडकीबाहेरच्या आरशाकडे बोट दाखवलं. स्कूलबसचा तो लांबलचक आरसा. मी पुढे जाऊन वाकून पाहिलं. रपटा, नाल्याचं पाणी, पलीकडची वाळू, सगळं त्यात लख्ख दिसत होतं.

“वानर खाकरलं तवापासून पाहून राह्यलो,” बंडूभाऊ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. “हा दिलीप तं मले उठवाच्याच मागं लागला. मंग म्हटलं, चार्जच लांबवू.”

वहिनी रडता रडता थांबल्या. “म्हंजे दिसला तुमाले? पुरा दिसला?”

“पुरा म्हंजे!” बंडूभाऊ अजून आरशाकडेच बघत होते. मग त्यांनी मान वळवून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “तिच्या मागं वाळूत ते दोन पिल्लं बसले होते, ते तुमच्यातून कोनालेच नाई दिसले का?”